जुलैची बत्तीस तारीख

पिंपळओढा, ता. इंदापूर
२ डिसेंबर १९९६

चि. बिरा,

अक्काचे आशीर्वाद घे, आणि उभ्या उभ्या वाचणार असशील तर आधी खाली बस.

शनिवारी भरदुपारी साखर कारखान्याच्या गट ऑफिसात तुझ्या दाजींना मारलं. आपला शेजारी गेणबा, ज्याच्या बांधाला आपला बांध लागतो, त्यानेच मारलं. कोयता उलटा धरून पाठीच्या बाजूने घाव घातले म्हणून जीव वाचला. उजवा हात मनगटाच्या वर दोन ठिकाणी मोडलाय. पुढचे दोन दात गेले आणि कान फाटून लोंबत होता, त्याला सहा टाके घातले. खिडकीत वीस-पंचवीस माणसं उभी होती. एकानेही गेणबाला धरलं नाही. उलट एकजण ओरडला म्हणे, की कॉम्प्युटरला धक्का लावू नको, तो कारखान्याचा आहे. हे जमिनीवर रक्त ओकतायत आणि त्या मेल्याला डब्याची काळजी.

कारण काय, तर तोडणीची यादी. ज्याची उसाची लागण आधी त्याचा ऊस आधी तुटायचा, हा कारखान्याचा नियम तुला माहीत आहे. लागणीची नोंद घ्यायची आणि यादी भिंतीवर लावायची हे ह्यांचं काम, पण यादी काढतो तो कॉम्प्युटर. गेणबाची लागण गेल्या वर्षीच्या आठ जुलैची. तशी पावती त्याच्याकडे आहे, आणि ती ह्यांच्याच हातची आहे. यादीत मात्र अठ्ठावीस जुलै निघाली. आमचे थोरले दीर तात्याबा, त्यांची लागण चोवीसची. झालं, तोडणीची टोळी आधी तात्याबांच्या उसात शिरली आणि गेणबाचा ऊस तुरे काढून वाळत उभा राहिला. शिपायाच्या भावाला पुढे काढलं असं तो म्हणतो. ह्यांना तो शिपाईच म्हणतो.

त्याने पावती ह्यांच्या नाकासमोर धरली. हे एवढंच म्हणाले, "कॉम्प्युटरमंदी जे हाय ते हाय." त्या एका वाक्यावर हात मोडला बघ.

हा कॉम्प्युटर तू बसवलास. दसऱ्याला बंद पडत होता तेव्हा तूच नीट केलास. आता मला सांग, तो खोटं बोलू शकतो का? लवकर सांग. तात्याबा काल अंगणात बसून कोयत्याला धार लावत होते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

तुझी
म्हाळसाअक्का


बारामती
५ डिसेंबर १९९६

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र दुकानात वाचलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला परत पाठवलं. दाजींसारख्या गरीब माणसावर हात उचलायची गेणबाची हिंमत कशी झाली? मी लगेच निघालो असतो, पण एमआयडीसीतल्या दोन कंपन्यांची मशीनं उघडून पडली आहेत आणि सोडून यायची सोय नाही. त्या हाताची काळजी घ्या.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. त्याला पोट नाही, भावकी नाही. आपण जे भरू तेच तो परत देतो. तेव्हा तारीख भरताना कुणाचा तरी हात चुकला असणार. आठच्या जागी अठ्ठावीस पडणं काही अवघड नाही. दाजींना खचून जाऊ नका म्हणावं. चूक कबूल केली, एक तारीख दुरुस्त केली की संपलं.

तरी तुझ्या समाधानासाठी एक कर. गावात ज्यांच्याकडे लागणीच्या पावत्या आहेत त्यांच्या तारखा लिहून घे आणि समोर यादीतल्या तारखा मांड. मला पाठव, मी बघतो. आणि तात्याबांना म्हणावं कोयता माळ्यावर टाका.

तुझा
बिरुदेव


पिंपळओढा
९ डिसेंबर १९९६

चि. बिरा,

मोठा साहेब झालास. चूक कबूल करा म्हणे. ज्या माणसाने लग्नात माझं नाव घेतानासुद्धा दोनदा खात्री करून घेतली तो तारीख चुकेल?

तू सांगितलंस तसं केलं. पदर खोचला आणि नऊ घरं फिरले. तिघांनी दारातून हाकललं, त्यातल्याच एका बाईने तर अंगावर खरकटं पाणी फेकलं. सहा पावत्या बघायला मिळाल्या. त्यातल्या दोन बरोबर निघाल्या, एकवीस जुलै आणि सव्वीस जुलै. चुकलेल्या चार अशा. गेणबाच्या आठचे अठ्ठावीस. माझ्या सासूबाई छबूबाई, त्यांच्या नावच्या दोन एकराची लागण तीन जुलैची, यादीत तेवीस. एका घरी अकराचे एकतीस. आणि दत्तोबाचे बाराचे किती व्हावेत? बत्तीस. जुलैची बत्तीस तारीख, बिरा. ह्यांना ती दिसली होती. टायपिंगची चूक समजून ह्यांनी पेनाने खोडली आणि बारा केले. आता गाव म्हणतं, बघा, दत्तोबाची सोय करता येते, गेणबाची येत नाही.

मी दहावी नापास बाई, पण मला एवढं कळतं की चूक असती तर कधी दोनाने झाली असती, कधी पाचाने. ही प्रत्येक वेळी वीसच दिवसांनी कशी होते? आणि वीस तारखेच्या पुढच्या सगळ्या लागणी जागच्या जागी कशा? लबाडी म्हणावी तर आपल्याच म्हाताऱ्या आईचा ऊस वीस दिवस मागे कोण ढकलेल? हे मी शेतकी अधिकाऱ्यांपुढे मांडलं. ते म्हणाले, बाई, हुशार आहात, पण ज्याला लबाडी करायची तो वीसचा हिशेब ठरवूनही करेल. मशीन चुकलं असं मशीनवाल्याने लिहून द्यावं लागेल.

आणखी एक. हे म्हणतात, दसऱ्याच्या आधी मशीन काम चालू असताना एकदम थांबायचं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन-तीन शब्द यायचे, मग बंद करून पुन्हा सुरू करावं लागायचं. तू आलास, मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्यास, आणि तेव्हापासून ते एकदाही थांबलं नाही. ते शब्द काय होते? आणि तू नेमकं काय केलंस?

परवा सकाळी आमचा मेंढा दारात मरून पडलेला सापडला. गळा चिरून त्याच्याच दाव्याने खांबाला बांधला होता, उभा वाटावा असा. सासूबाईंनी सगळी मेंढरं विकली तेव्हा तेवढा एक ठेवला होता. तात्याबांनी तो सोडवला, ओढ्यात नेऊन पुरला आणि दुपारी गेणबाच्या विहिरीवरची मोटर घणाने फोडून आले. गेणबाच्या धाकट्या भावाने मध्ये पडून डोकं फोडून घेतलं. आता त्यांच्या घरात एक पट्टी बांधलेला आहे आणि आमच्या घरात एक.

तुझी
अक्का


बारामती
१४ डिसेंबर १९९६

ती. अक्का,

पत्र मिळालं. कारखान्याने मशीन माझ्याकडेच तपासायला पाठवलं आहे, मंगळवारपासून टेबलावर आहे. त्यात दोष आहे की नाही याचा लेखी अहवाल मीच द्यायचा आहे. तो दाजींच्या सव्वीस तारखेच्या चौकशीत वाचणार आहेत.

मी काल सकाळी चाचणी लावली. मेमरी पूर्ण तपासली, एकदा नव्हे तीनदा. काही सापडलं नाही. आणखी बघतो. वीजदाब कमीजास्त होतो, धूळ असते, उंदीर वायरी खातात, अशी शंभर कारणं असतात. घाई करून चालत नाही.

दसऱ्याचं म्हणशील तर पट्ट्यांवर मळी बसली होती ती साफ केली, एवढंच. ते शब्द नेहमीचे असतात, त्यात अर्थ काढू नकोस. वीसचं जे तू लिहिलंस ते कुणाजवळ फार बोलत बसू नकोस.

दाजींना गोळ्या वेळेवर दे.

बिरुदेव


पिंपळओढा
१८ डिसेंबर १९९६

चि. बिरा,

एवढं तोकडं पत्र तू मला आयुष्यात लिहिलं नव्हतंस. आजारी आहेस का? मी दोन गोष्टी विचारल्या होत्या, तू एकीचंही उत्तर दिलं नाहीस. लहानपणी कपबशी फुटली की तू असंच उंदरांवर बोलायचास.

आता नीट ऐक. काल तात्याबा आणि गेणबा पाणवठ्यावर समोरासमोर आले. दोघांच्या हातात कोयते, दोघंही ऊस तोडायला निघालेले नव्हते. गेणबाची बायको मुक्ताबाई आणि मी धुणं टाकून मध्ये उभ्या राहिलो. तिने तिच्या नवऱ्याला छातीला धरून मागे रेटलं, मी दिरांच्या पायात बसले. दिराच्या पायात असं भर पाणवठ्यावर बसायची वेळ कुठल्याच सुनेवर येऊ नये. माझ्या दंडाला पातं लागलं, फार नाही. शेवटी मीच ओरडून सांगितलं की माझा भाऊ मशीन तपासतोय, सव्वीसला कागद येणार आहे, मशीनचा दोष असला तर कागदात येईल, तोवर थांबा. गेणबा ह्यांचं नाव घेऊन म्हणाला, "कागदात मशीन चुकलं आसं आलं, तर मी सवताहून रामहरीच्या पाया पडंन." तात्याबा म्हणाले, "आन् न्हाय आलं, तर मी बघंन."

मुक्ताबाई परत जाताना माझ्या दंडाला तिचा पदर फाडून बांधून गेली. आम्ही दोघी एका विहिरीवर पंधरा वर्षं पाणी भरतोय.

तेव्हा दोन्ही कोयते तुझ्या कागदावर थांबलेत. तुला दोष दिसत असेल तर लिही. नसेल दिसत तर पुन्हा शोध. मला खात्री आहे तो तिथं आहे. मला भीती वाटते, बिरा. मी कुणाला दाखवत नाही, पण मला फार भीती वाटते.

उत्तर उलट टपाली पाठव.

तुझी
अक्का


पिंपळओढा
२९ डिसेंबर १९९६

बिरुदेव,

तुझं उत्तर आलं नाही. कागद मात्र वेळेवर आला. "तपासणीत यंत्रामध्ये कोणताही दोष आढळला नाही." खाली तुझी सही, तुझ्या दुकानाचा शिक्का. शेतकी अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

तिथंच ह्यांना कामावरून काढलं. हे गळ्यात अडकवलेला हात डाव्या हाताने धरून बाहेर आले. गेणबा पायरीवर उभा होता. त्याने ह्यांचा मोडका हात पट्टीसकट धरला आणि पिरगाळला. "ह्योच का रं लिवनारा हात," म्हणाला. हे जे किंचाळले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तात्याबा मागून आले. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा मानेवर. गेणबा खाली बसला, रस्त्यात बसावं तसा मांडी घालून, आणि तसाच कलंडला. त्याचं रक्त माझ्या पायांवर आलं, गरम होतं. मुक्ताबाई धावत आली तोवर संपलं होतं. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

तात्याबा त्याच कोयत्यासह चालत जाऊन एस.टी.त बसले आणि इंदापूरच्या पोलीस चौकीत हजर झाले. सासूबाईंनी अन्न सोडलंय. ह्यांच्या हाताचं हाड पुन्हा सुटलंय, डॉक्टर म्हणतात बोटं आता मिटणार नाहीत.

तुला दोष सापडला नाही. ठीक आहे. पण मी विचारलं होतं की दसऱ्याला तू काय केलंस. ते मी अजून विचारतेय.

म्हाळसा


बारामती
३ जानेवारी १९९७

अक्का,

हे पत्र वाचून जाळ. चुलीत घाल आणि राख होईपर्यंत तिथंच उभी राहा. तुझ्या पाया पडतो.

मला माहीत होतं. तुझं नऊ तारखेचं पत्र वाचलं त्याच क्षणी कळलं.

तुला समजेल असं सांगतो. कॉम्प्युटर प्रत्येक आकडा आठ बटनांत साठवतो, कुठली वर, कुठली खाली, त्यावरून आकडा ओळखतो. मेमरीच्या एका पट्टीत एका ठिकाणी एक बटन दाबलेलंच राहत होतं. ते बटन असं होतं की शून्याचा दोन व्हायचा आणि एकाचा तीन. आठ तारीख तो शून्य-आठ अशी लिहितो, म्हणून आठचे अठ्ठावीस झाले आणि बाराचे बत्तीस. जिथं आधीच दोन किंवा तीन होते तिथं ते बटन दाबलेलंच असतं, म्हणून पुढच्या तारखा शाबूत राहिल्या. आणि जी नोंद नेमकी त्या जागेत जाऊन बसली तिचंच वाटोळं झालं, बाकीच्या सुटल्या. वीस दिवसांचं कोडं तू बरोबर सोडवलं होतंस. माझ्याकडे डिप्लोमा आहे आणि तू ते पावत्यांवरून ओळखलंस.

आठ बटनांवर एक नववं असतं. ते राखण्या. बाकीच्या आठांवर लक्ष ठेवतं आणि काही चुकलं की मशीन तिथंच थांबवतं, चुकीचं पुढे जाऊ देत नाही. दसऱ्याआधी पडद्यावर येणारे शब्द तेच होते. मशीन बिघडल्यामुळे थांबत नव्हतं, बिघडलंय हे सांगायला थांबत होतं.

खंडेनवमीला कारखान्याची सगळी यंत्रं पूजायची असतात. यंदा कॉम्प्युटरचीही पूजा होती, साहेब लोक येणार होते, हार घातल्यावर यादी छापून दाखवायची होती. मी पट्ट्या घासल्या, तरी ते थांबतच होतं. नवी पट्टी पुण्याहून यायला चार दिवस लागणार होते. पूजेत मशीन बंद पडलं असतं तर अपशकुन म्हणून बोभाटा झाला असता आणि मला कुणी पुन्हा दारात उभं केलं नसतं. म्हणून मी आतल्या सेटिंगमध्ये जाऊन राखण्या बंद केला. दोन बटनं दाबायचं काम. मशीन चालू लागलं. नारळ फुटला, दाजींनी मला पेढा भरवला. चार दिवसांनी पट्टी आणून बसवू असं ठरवलं होतं. नंतर मशीन थांबेना, कुणी तक्रार करेना, मीही विसरलो.

मशीन माझ्याकडे आलं तेव्हा थंड असताना चाचणी पास होत होती, तेवढं तुला खरं लिहिलं. पण गरम झाल्यावर काय होतं ते बघायला पाहिजे हे मला माहीत होतं. वालचंदनगरच्या एका साहेबांचं जुनं मशीन दुकानात होतं. त्यात एकेक पट्टी घालून वरून साठचा बल्ब धरला. तिसरी पट्टी दहा मिनिटांत चुकायला लागली, दरवेळी त्याच जागी. तुला "काही सापडलं नाही" लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी दुपारी हे झालं. मग मी राखण्या पुन्हा चालू करून ठेवला, म्हणजे कुणी बघितलं तर तो बंद होता हे कळू नये. आणि तो अहवाल लिहिला.

अक्का, दोष लिहिला असता तर पुढचा प्रश्न एकच होता, मशीन थांबलं का नाही. मला वाटलं चौकशीत दाजींना समज देतील आणि सोडून देतील. तुझं अठराचं पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचायला नको म्हणून गल्ल्यात कुलूप लावून ठेवलं. मी गेणबाला मारलेलं नाही, पण झोपताना मला कोयत्याची मूठ हातात असल्यासारखी वाटते. मी भित्रा आहे, एवढंच म्हणतो. मला वाचव.

तुझा
बिरा


पिंपळओढा
९ जानेवारी १९९७

चि. बिरा,

पत्र जाळलं नाही.

आधी इंदापूरला तात्याबांच्या वकिलाकडे नेलं, त्याने नक्कल करून घेतली. तिथून शेतकी अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी दोनदा वाचलं आणि खुर्चीवरून उठून ह्यांच्यासाठी पाणी मागवलं. ह्यांचं नाव धुऊन निघालं. पेन मात्र आता डाव्या हातात धरून शिकतायत. तुझ्याबद्दल एक वाईट शब्द ह्यांच्या तोंडून आला नाही. असा माणूस तुला दाजी म्हणून लाभला होता.

मग आज सकाळी मुक्ताबाईकडे गेले. जायलाच हवं होतं. तिचा नवरा चोर समजून कुणाला तरी मारत होता आणि चोर तिथं नव्हताच, हे तिला कळायचा हक्क आहे. तिला वाचता येत नाही. अंगणात बसून मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, राखण्या आणि पेढा आणि बल्ब, सगळं. गेणबाचा धाकटा भाऊ भिंतीला टेकून ऐकत होता, डोक्याची पट्टी अजून तशीच.

मुक्ताबाईने एवढंच विचारलं, "कागुद वाचला त्येच्या आदी त्येला ठावं हुतं?"

मी म्हणाले, "व्हय."

"किती दिस आदी?"

"तेरा दिस."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. धाकटा उठला. त्याने काही विचारलं नाही, तुझ्या दुकानाचा पत्ता पत्राच्या डोक्यावर छापलेलाच आहे. पंधरा मिनिटांत त्याचे चुलतभाऊ आले, दोन मोटरसायकली, पाच माणसं. पोत्यात गुंडाळलेलं काही मागे बांधलेलं मी डोळ्यांनी बघितलं. बारामतीच्या रस्त्याला लागले तेव्हा दहा वाजले होते.

मी धावत फाट्यावर आले. इथं फोनचा बूथ आहे. तुझ्या दुकानाशेजारच्या घड्याळवाल्याचा नंबर मला पाठ आहे, तू भाऊबीजेला दिला होतास. बूथ रिकामा होता. मी आत जाऊन रिसीव्हर हातात घेतला. तुला मी कडेवर खेळवलंय बिरा, तुझ्या पहिल्या शाळेला मी सोडायला आले होते. तू माझ्या पोटच्या लेकरासारखा आहेस आणि आत्ता लिहिताना माझे अश्रू कागदावर पडतायत, म्हणून शाई फुटलीय.

पण मला तू कुलूप लावलेलं ते पत्र आठवलं. मुक्ताबाईच्या पदराची चिंधी माझ्या दंडाला तशीच होती. मी रिसीव्हर परत ठेवला आणि शेजारच्या दुकानातून हे आंतरदेशीय घेतलं.

तुलाही कळवायला हवं, म्हणून कळवतेय. तू मला कळवलंस तसं, टपालाने. ते दीड तासात पोचतील. पत्राला दोन दिवस लागतात.

मिळालं तर पोच दे.

तुझी
अक्का